तीन तास वीस मिनिटं

१९१६ सालची गोष्ट. बडोद्यातल्या एका घरात वीस वर्षांचा एक मुलगा चुलीपाशी बसून एकेक कागद विस्तवात टाकत होता. आईने विचारलं, काय जाळतोयस? तो म्हणाला, सर्टिफिकेटं. असू देत की, पुढेमागे लागतील, असं आईचं म्हणणं. मला ती कधीच लागणार नाहीत, असं त्याचं. त्याच वर्षी मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. जूनमध्ये अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची गांधींशी भेट झाली. पुढचं थोडंफार तुम्ही शाळेत वाचलेलं असेल.

मुलाचं नाव विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, त्याचा रायगड झाला १९८१ मध्ये.

मी याच तालुक्यातला, जित्याचा. माझी सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत, शिवाय स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलेली आहेत, आणि त्यांच्याच जोरावर मी ऐरोलीतल्या एका काचेच्या इमारतीत बसून बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे कुणी सर्टिफिकेटं जाळली म्हणून टाळ्या वाजवणं मला जमत नाही. वडील बडोदा संस्थानात नोकरीला असलेल्या ब्राह्मण घरातल्या मुलाने कागद जाळणं वेगळं. आमच्याकडच्या मुलाला तो कागद मिळालाच नाही, तर ते फारच वेगळं.

पण एक प्रश्न उरतोच. आपण कोण आहोत आणि आपल्याला काय येतं, हे कळायला या मुलाला कागद लागला नाही. ही खात्री त्याला मिळाली कुठून? आणि ती शाळेत मिळू शकते का? विनोबा पुढे आयुष्यभर शिक्षणाबद्दल बोलत राहिले ते बरंचसं या प्रश्नाभोवती फिरतं. त्यांच्या उत्तराचं देशात जे झालं, ते जित्यात बसून वाचताना जरा जास्तच टोचतं. ते का, हे सांगायला आधी जिते सांगायला हवं.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर आपट्यानंतरचं स्टेशन जिते. त्याच्या पुढे हमरापूर, मग पेण. पावसाळ्यात खिडकीतून पाहिलंत तर भातशेतांच्या अधेमधे ताडपत्री लावलेल्या शेड दिसतात. आत गणपती असतात, शेकड्यांनी. पेण शहरातली मूर्तिकला शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. तिथून ती आजूबाजूच्या गावांत पसरली: हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, जिते. आमच्याकडे या जागेला कारखाना म्हणतात. तळकोकणात त्याच जागेला गणपतीची शाळा म्हणतात, आणि हा शब्द मला आमच्या शब्दापेक्षा जास्त बरोबर वाटतो.

कारखान्यात कामाच्या पायऱ्या असतात. साच्यातून मूर्ती काढायची, प्लास्टरला धरून ठेवायला आत काथ्या भरायचा, हात-सोंड जोडायची, पॉलिशपेपरने घासायचं, पांढरा हात मारायचा. मग अंगाचा रंग, सोवळं, शेला, दागिन्यांचं सोनेरी काम. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. घासकाम गावातल्या निम्म्या बायका करतात. आखणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना येते.

माझ्या वर्गातल्या एकाला ती चौदाव्या वर्षी येत होती. बारीक ब्रशने पापणीची रेघ, बुबुळ, बुबुळातला पांढरा ठिपका, वर भुवई. ब्रश एकदा टेकला की मागे घेता येत नाही. एका डोळ्याची कड तीळभर वर गेली तर मूर्ती तिरकी बघते आणि गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. कारखान्याचा मालक याच्यापुढे स्वतः चहा आणून ठेवायचा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तो शाळेत नसायचा, आणि त्या पंधरा दिवसांत गावात त्याला मोठ्या माणसासारखं वागवलं जायचं. मग सण संपायचा, तो परत वर्गात यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. गणिताच्या सरांनी त्याचं नाव 'गणपती' पाडलं होतं, आणि ते प्रेमाने पाडलेलं नव्हतं. दहावीला तो गणितात राहिला.

तो नापास झाला याचं मला आता तितकं वाटत नाही. नापास पुष्कळ जण होतात. लक्षात राहिलंय ते एवढंच, की आखणीबद्दल कुणी कौतुक केलं तर तो म्हणायचा, "त्यात काय, हाताला सवय आहे. डोक्याचं काम नाय ते." दोन डोळ्यांची सममिती, चेहऱ्याच्या आकारानुसार बदलणारं अंतर, वरून बघणाऱ्याला आणि समोरून बघणाऱ्याला नजर कशी दिसेल याचा अंदाज, हे सगळं तो रोज करत होता. पण शाळेने त्याला सांगितलं होतं की डोकं म्हणजे वहीत चालतं ते. आणि शाळेचं हे म्हणणं त्याला स्वतःच्या हातांपेक्षा खरं वाटत होतं.

मानसशास्त्रात याला स्व-प्रतिमा म्हणतात. अमेरिकेतले कार्ल रॉजर्स हे मानवतावादी मानसशास्त्राचं मोठं नाव. १९२० च्या दशकाच्या शेवटी ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात छळ झालेल्या, घर तुटलेल्या मुलांबरोबर काम करू लागले. पुढे त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा: मूल स्वतःबद्दलचं चित्र दुसऱ्यांच्या नजरेतून गोळा करतं. 'असा वागलास तरच तू चांगला' असं सतत ऐकलेलं मूल, जे त्या अटीत बसत नाही ते स्वतःच स्वतःतून वजा करून टाकतं. आपला अनुभव एक सांगतो आणि आपल्याबद्दलचं चित्र दुसरंच सांगतं, अशा वेळी माणूस बहुतेकदा चित्राची बाजू घेतो. १९६९ मध्ये त्यांनी हा विचार थेट शाळेवर लावून एक पुस्तक लिहिलं. शिक्षकाने आधी मुलाला विनाअट स्वीकारावं, मग शिकणं आपोआप सुरू होतं, हा त्याचा रोख.

मला रॉजर्स आवडतात, पण एक शंकाही येते. माझ्या मित्राला सरांनी विनाअट स्वीकारलं असतं तर वर्ग नक्कीच सुसह्य झाला असता. पण तेवढ्याने 'डोक्याचं काम नाय ते' हे वाक्य गेलं असतं का? त्याला मायेपेक्षा जास्त काहीतरी हवं होतं. त्याच्या आखणीला शाळेने ज्ञान म्हणून मोजायला हवं होतं. इथे विनोबा रॉजर्सच्या एक पाऊल पुढे जातात असं मला वाटतं. (विनोबांना स्व-प्रतिमा वगैरे सांगितलं असतं तर त्यांनी आधी 'कोणता स्व?' असं विचारून तासभर उपनिषदांत नेलं असतं, ते सोडा.)

विनोबांची आई रुक्मिणी. फार शिकलेली नव्हती. एकदा ती गीतेवरची प्रवचनं ऐकून आली आणि म्हणाली की संस्कृत कळत नाही, मराठीतली गीता आणून दे. मुलाने पद्यातला एक जुना अनुवाद आणून दिला. तोही तिला अवघड गेला. मग ती म्हणाली, तूच का नाही करत? मुलगा तेव्हा विशीत होता, संस्कृत धड शिकलेला नव्हता. १९१८ मध्ये आई गेली. 'गीताई' लिहून झाली १९३०-३१ मध्ये. मधली बारा-पंधरा वर्षं ते एक वाक्य आत काम करत राहिलं, असं विनोबांनीच पुढे सांगितलंय. मला यात भावतं ते असं, की तिने त्याला 'तू हुशार आहेस' असं म्हटलं नाही. तिने एक खरं काम दिलं, जे तिला खरंच हवं होतं, आणि ते तू करशील हे गृहीत धरलं.

विनोबा पुढे शिकवायला लागले तेव्हा तसेच शिकवत. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते १९१७ मध्ये वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त शिकायला गेले. तिथे त्यांनी मुलांचं एक मंडळ जमवलं. वाचनालयासाठी पुस्तकं हवी होती, पैसे नव्हते. मग सगळ्यांनी मिळून लोकांचं धान्य दळून द्यायचं आणि त्या पैशांतून पुस्तकं आणायची. जात्यावर बसलेल्या मुलाला ते पुस्तक कुणाच्या दानातून आलेलं नाही हे माहीत असायचं. १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले, मग जवळच्या नालवाडीत. तिथे त्यांनी दिवसाचे आठ-आठ तास सूत कातलं आणि मजुराला मिळते तेवढ्याच मजुरीत जगता येतं का ते स्वतःवर करून पाहिलं. आमच्या धंद्यात याला लोड टेस्टिंग म्हणतात. फरक एवढा की आम्ही ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर करतो.

'मधुकर' या लेखसंग्रहात त्यांचा 'केवळ शिक्षण' नावाचा एक लेख आहे. देशसेवा करू इच्छिणाऱ्या एका गृहस्थाला विनोबा विचारतात, तुम्ही काय करू शकाल? गृहस्थ म्हणतात, शिकवू शकेन. मग विनोबा एकेक कामाचं नाव घेतात आणि हे शिकवाल का, ते शिकवाल का, असं विचारत जातात. प्रत्येकाला नाही. तुम्हाला फक्त शिकवता येतं, बाकी काही करता येत नाही, असं निघतं. वाचताना हसू येतं आणि मग आपल्या ओळखीचे दोन-चार चेहरे आठवतात. दुसऱ्या एका ठिकाणी ते भाषेकडे बोट दाखवतात: आपल्याकडे 'शिकणे' हे मूळ क्रियापद, 'शिकवणे' त्याच्यापासून बनलेलं. शिकवणारा करून करून काय करणार, तर दुसऱ्याचं शिकणं घडू देणार.

आता १९३७. प्रांतांमध्ये काँग्रेसची सरकारं आली होती आणि शिक्षणाचं काय करायचं हा प्रश्न समोर होता. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याला परिषद झाली. गांधींनी मांडलेली कल्पना थोडक्यात अशी: सात वर्षांचं सक्तीचं, मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. उद्योग जोडीला शिकवायचा नाही, उद्योगातून बाकी सगळं शिकवायचं. हीच नई तालीम, मराठीत मूलोद्योग शिक्षण. आराखडा करायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा होते, काका कालेलकर होते, जे. सी. कुमारप्पा होते. डिसेंबरात अहवाल आला.

त्या अहवालातलं वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. रोज साडेपाच तास शाळा. त्यातले तीन तास वीस मिनिटं मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं. मातृभाषा चाळीस मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान तीस मिनिटं. व्यायाम दहा, मधली सुट्टी दहा.

वेडेपणा वाटतो ना? मला जित्यातला कारखाना डोळ्यांपुढे आणल्यावर तो वाटेनासा झाला.

समजा हे तीन तास वीस मिनिटं गणपतीच्या कारखान्यात गेले. दोन फुटी मूर्तीची चार फुटी करायची. रंग किती जास्त लागेल? पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून चौपट. प्लास्टर किती लागेल? मूर्ती पोकळ असते, तेव्हा भिंतीची जाडी तीच ठेवली तर चौपट, जाडीही दुप्पट केली तर आठपट. मग चार फुटी मूर्ती दुप्पट भावात विकणारा कारखानदार मरतो कसा, हे सातवीच्या मुलाला वहीत मांडता येतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेली पूड. पाणी घातलं की ती परत जिप्सम होते आणि उष्णता बाहेर टाकते, म्हणून साच्यातली मूर्ती हाताला गरम लागते. पुस्तकात हे समीकरण असतं, आमच्या गावात ते तळहाताला कळतं. शाडू माती मात्र नुसती वाळते, आकसते, घाई केली तर तडकते. ती का तडकते? पावसाळ्यात रंग का वाळत नाही? प्लास्टर पाण्यात का विरघळत नाही, आणि मग खाडीत गेलेल्या मूर्तीचं काय होतं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टरवर बंदी घातल्यापासून हा प्रश्न आमच्याकडे घराघरांत आहे. कारखानदार आणि पर्यावरणवाले एकमेकांवर ओरडतात. दोघांच्याही मधोमध बसून मोजमाप करणारी आठवीची मुलं का नसावीत?

हिशेब तर विचारूच नका. मूर्ती रंग न देता कच्ची विकायची की पक्की करून, कर्ज कितीने काढलं, उधारी किती बुडाली, सण संपल्यावर शेडमध्ये उरलेल्या मूर्तींत किती पैसा अडकला. माझ्या मित्राला शाळेतली व्याजाची गणितं येत नव्हती. घरातलं व्याज त्याला तोंडपाठ होतं.

समवाय या शब्दाने नई तालीमवाले हेच म्हणत: कामातून विषयाकडे जायचं. आणि यात मुलाच्या मनाचं काय होतं? त्याला जे आधीच येतं तिथून वर्ग सुरू होतो. इंजिनिअरच्या मुलाला त्या दिवशी आखणीवाल्या मुलाकडून शिकावं लागतं. कौतुक, शाबासकी, भिंतीवरच्या सुविचारांचे तक्ते यांची फार गरज पडत नाही. 'मला येतं' हे मुलाच्या समोर तयार होऊन उभं असतं, ते सांगावं लागत नाही.

मग हे झालं का नाही? मुलांना फुकट राबवतील अशी भीती पहिल्यापासून होती. शाळेचा खर्च मुलांनी केलेल्या मालातून निघावा, हा गांधींचा आग्रह. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्याला विरोध केला. खुद्द झाकिर हुसेन समितीच्या अहवालातही इशारा आहे की कमाईवर भर देऊन शिक्षण मागे पडण्याचा धोका आहे. झालंही तसंच, पण उलट्या दिशेने. बहुतेक ठिकाणी उद्योग म्हणजे टकळी, एवढंच उरलं. खेड्यातली मुलं टकळी फिरवत बसली आणि साहेबांची मुलं इंग्रजी शाळेत गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास विनोबा म्हणत होते की झेंडा एका दिवसात बदलला, मग जुनं शिक्षण एक दिवस तरी का चालू ठेवायचं. ते चालूच राहिलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. तो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा अर्थ घोटीव कागदाची फुलं असा होता. ज्या गावात प्रत्येक तिसऱ्या घरात मूर्ती रंगत होती, तिथे आम्ही मार्कांसाठी पेणहून विकत आणलेल्या कागदाची फुलं केली. कित्येक जिल्हा परिषद शाळांच्या कमानीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' हे नाव मात्र अजून आहे.

पण सरकारी आळस हे सगळं उत्तर नाही. खरा आक्षेप दुसरा आहे, आणि नई तालीमच्या चाहत्यांनी तो नेहमी घाईघाईने ओलांडलाय. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. तिथल्या लोकांनी तिला नाव दिलं 'कुलक्कल्वी', कुळाचं शिक्षण. न्हाव्याच्या पोराने न्हावीच व्हायचं का, असा सवाल करत पेरियार आणि द्रमुकने रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले आणि योजना रद्द झाली.

आमच्या जिल्ह्याला हा सवाल परका नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं पाणी प्यायली. ज्यांच्या हातांना काम जन्माने चिकटवलं होतं, त्यांना श्रमाची प्रतिष्ठा ऐकवायला विनोबांची गरज नव्हती. त्यांना हवा होता तो कागद. विनोबांनी जाळला तसलाच. कोलंबियाचा, लंडनचा. रायगडातल्या वाड्यांवरच्या कातकरी मुलांचं बघा: दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाला विटा थापता येतातच. तुझं हेच ज्ञान आहे असं सांगून शाळेने त्याला तिथेच बसवलं, तर ते शिक्षण नाही, पुन्हा बांधून घालणं आहे. माझ्या मित्राच्या वडिलांनाही तो कारखान्यातून सुटावा असंच वाटायचं. प्लास्टरची धूळ, स्प्रेचा वास, कर्ज. त्यांचं चुकत नव्हतं.

म्हणजे मुलाच्या हातातलं काम शाळेने ज्ञान म्हणून मोजायचं, आणि त्याच वेळी त्या कामातून बाहेर जायचा दरवाजा सताड उघडा ठेवायचा. या दोन गोष्टी एकत्र केलेलं उदाहरण मला कोकणपट्टीतच सापडतं, फक्त उत्तरेच्या टोकाला.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. पण मॉन्टेसोरीची साधनं महाग, आणि येणारी मुलं सुखवस्तू घरांतली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे येऊन मिळाल्या. बालपणीच विधवा झालेल्या, नोकरी करत शिकलेल्या अनुताई पुढची सगळी वर्षं तिथेच राहिल्या. नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेलं. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा पाड्यातल्या अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द इथला. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि तो देशभर गेला. मोठी मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणावर गेली, तिचं नाव कुरणशाळा. साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे.

यात नुसती काटकसर नव्हती. ज्या बिया मुलाने स्वतः गोळा केल्या, त्यांच्यावर तो मोजायला शिकत होता. गुरं राखणाऱ्या मुलाला गुरं सोडून ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तू गुरंच राख असंही कुणी म्हटलं नाही. त्याच्या कुरणावर बसून त्याला अक्षरं दिली, आणि अक्षरं कुरणाबाहेर नेतात. हे रॉजर्सच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी चालू होतं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यांचं नाव कुणी काढलं नाही. काढायचं कारणही नव्हतं म्हणा.

सेवाग्रामची नई तालीमची शाळा बंद पडली होती, ती 'आनंद निकेतन' नावाने २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकावं असं त्यात आहे. दोनशेच्या वर दिवसांतले दहा. ऐरोलीतल्या मुलांसाठी ही सहल ठीक आहे. जित्यातली मुलं सकाळी तिथूनच निघून शाळेत येतात. त्यांच्यासाठी दहा दिवसांत काय करणार, कारखाना दाखवणार?

माझा मित्र आता स्वतःचा कारखाना चालवतो. दहावीचं गणित त्याने दोन वर्षांनी सोडवलं. शाडू आणि प्लास्टर दोन्ही करतो, मुलीला पेणच्या शाळेत घालतो. मे महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा त्याच्या शेडमध्ये बसून त्याला झाकिर हुसेन समितीचं वेळापत्रक वाचून दाखवलं. ब्रश न थांबवता त्याने सगळं ऐकलं. एका मूर्तीचा डोळा पूर्ण केला, मागे सरकून बघितला, आणि मग म्हणाला,

"कामाला तीन तास वीस मिनिटं आणि सुट्टी दहाच मिनिटं? मग डबा कधी खायचा रे?"